सौ. बाळाबाई यांच्या स्मरणार्थ

२३ मार्च, रविवार

आमच्या पर्चेस खात्यात दर जानेवारीत सप्लायर लोकांच्या डायऱ्यांचा ढीग पडतो. त्यातली एक मी घरी आणतो आणि डिसेंबरात कोरीच्या कोरी रद्दीत घालतो. ह्या वर्षीची आज उघडली, कारण मनातलं बोलायला घरात कोणी उरलं नाही. माणसं आहेत तशी, पण ऐकून घेणारं कोणी नाही. विषय पंख्याचा आहे.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील हौसेराव फडतरे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पाठीवर पोती वाहिली आणि काम सुटल्यावर आईला घेऊन गावी, खटाव तालुक्यात, घर बांधून राहिले. जानेवारीत आई गेली. दिवसकार्य उरकून आम्ही घणसोलीला परत आलो. आबा म्हणाले, मी हितंच बरा. मग फेब्रुवारीच्या शेवटी शेजारच्या सिताराम काकांचा फोन आला. "तुजा बाप चूल पेटवत न्हाय रं. आमी दिलं तर खातोय, न्हाय तर भित्तीला टेकून बसतोय." दुसऱ्याच दिवशी गाडी काढली आणि त्यांना इकडे घेऊन आलो.

आता ते प्रियदर्शिनीच्या खोलीत असतात. प्रियदर्शिनी ही आमची कन्या. बारावीची परीक्षा देऊन सीईटीच्या अभ्यासात आहे. ती हॉलमध्ये सोफ्यावर आली. नवी मुंबईत सरकारने जमीन घेतली की मालकाला साडेबारा टक्के जमीन परत मिळते हे तिने कुठेतरी ऐकलंय, त्यामुळे खोलीच्या बदल्यात नवा मोबाइल मागून बसली आहे.

आज जेवताना आबांनी जाहीर केलं, "चैतात यात्रंला गावाला जातो आनि तिकडंच ऱ्हातो."

मी विचारलं, का? इथे काय कमी आहे?

आबांनी जरा वर बघितलं आणि म्हणाले, "हितं वारं न्हाय."

समस्या नेमकी कळली की निम्मं काम झालं, असं मी खात्यातल्या पोरांना नेहमी सांगतो. समस्या कळली. प्रियदर्शिनीच्या खोलीतला पंखा जुना आहे, कुरकुरतो, आणि पाचवर केला तरी दोनवर असल्यासारखा फिरतो.

मी बायकोला, उत्कर्षाला, म्हटलं, नवा पंखा घेऊ. ती म्हणाली, "अहो, त्यांना पंखा नकोय."

"मग काय हवंय?"

"विचारा ना त्यांना."

"सांगितलं की त्यांनी. वारं."

तिने कुकरचं झाकण जरुरीपेक्षा जास्त जोरात लावलं. बायकांना तांत्रिक बाबी पटवून देणं अवघड असतं. हे वाक्य ती ही डायरी वाचणार नाही ह्या भरवशावर लिहिलंय.

२५ मार्च

पंखा हा विषय एवढा खोल असेल असं वाटलं नव्हतं. आपण समजतो तीन पाती, एक मोटर आणि वर छत. तसं नाही. पात्यांचा कोन असतो. मिनिटाला किती हवा ढकलतो ह्याचा आकडा असतो. धूळ न बसणारी पाती असतात, वीज वाचवणाऱ्या मोटरी असतात, आणि रिमोट असतो. एका गृहस्थाने तर इंटरनेटवर पंख्याखाली उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते दाखवलंय. मी ते दोनदा बघितलं. ऑफिसात बघितलं, हे खरं आहे.

तीन कोटेशन मागवली. घरच्या पंख्याला तीन कोटेशन मागवणारा माणूस घणसोलीत मी पहिलाच असेन. पण सवय ती सवय. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पंखा समिती' असा ग्रुप काढला. सभासद मी, उत्कर्षा, प्रियदर्शिनी. प्रियदर्शिनी पाच मिनिटांत बाहेर पडली. उत्कर्षाने फक्त 'दूध आणा' असं टाकलं.

२९ मार्च, शनिवार

आबांना घेऊन सीवूड्सच्या मॉलला गेलो. ज्याच्या डोक्यावर पंखा फिरणार त्याने तो पाहून घ्यावा, असं माझं धोरण.

पंख्यांच्या विभागात छताला ओळीने इतके पंखे फिरत होते की माझे उरलेसुरले केस उभे राहिले. तिथला मिथुन नावाचा टाय लावलेला पोरगा म्हणाला, "सर, एअर थ्रो बघा, एकदम प्रीमियम." मी रुमाल काढून एकेका पंख्याखाली धरला आणि किती फडफडतो ते पाहत गेलो. मिथुनने पाठ फिरवली. हसू दाबत असणार. दाबू दे. मोठ्या माणसांच्या पद्धती आधी हास्यास्पदच वाटतात.

आबा बाकावर बसून वर बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "देवळात बी आसंच पंखं हायत."

"हो आबा, पण ते साधे. लोखंडी."

"त्यास्नी नावं हायत. ज्यानं दिला त्याचं, आनि ज्याच्यासाटनं दिला त्याचं." मग म्हणाले, "तुज्या आईच्या नावानं एक दे देवळाला. यात्रंच्या आदी."

आमच्या भैरवनाथाच्या देवळात एकही पंखा बिननावाचा नाही. कुणाची आई, कुणाचा बाप, कुणाचा अपघातात गेलेला मुलगा, सगळे पात्यांवर आहेत आणि कीर्तनाला बसलेल्यांच्या डोक्यावर गरगर फिरतात. करू म्हटलं. वहीत दुय्यम काम म्हणून टिपून ठेवलं.

मुख्य काम झालं. पांढरा, लाकडी नक्षीची पट्टी असलेला, रिमोटचा पंखा ठरवला. आवाज अजिबात नाही. मिथुन म्हणाला, "सर, चालू आहे की बंद, कळणारच नाही." हे मी गुण म्हणून ऐकलं.

२ एप्रिल

पंखा आला. घणसोली गावातल्या रूपेश इलेक्ट्रिशियनने बसवला. मी स्टूल धरलं, म्हणजे देखरेख केली.

आबा कॉटवर आडवे झाले. मी रिमोट दाबला. आम्ही सगळे खोलीत उभे. आबा वर बघत राहिले.

"ह्यो फिरतोय का झोपलाय?"

"फिरतोय आबा. आवाज नाही त्याला."

"हां." थोड्या वेळाने परत, "आनि ह्यो डबा कशाचा?"

"रिमोट. ह्याने चालू-बंद करायचा. उठावं लागत नाही."

"उठून जायाचं कुटं हाय मला," असं म्हणून त्यांनी रिमोट उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. रूपेश मला म्हणाला, "दादा, मस्त पंखा घेतलाव." तेवढं एकच कौतुक पदरात पडलं, तेही त्याची मजुरी द्यायच्या आधी.

५ एप्रिल

आबा खोलीत झोपत नाहीत. बाल्कनीत खुर्ची टाकून वर्तमानपत्राने वारा घेत बसतात. घरात रिमोटचा पंखा, आणि बाप रविवारची पुरवणी हलवतोय. शेजारच्यांनी पाहिलं तर काय म्हणतील?

मी म्हटलं, "आबा, आत वारं आहे की आता." ते म्हणाले, "हाय रं. पर कोन घालतंय त्ये कळत न्हाय."

हा तक्रारीचा मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. पंख्याला आवाज हवा होता. माणसाला कळायला पाहिजे की पंखा आहे. माझंच चुकलं. तरी मी त्यांना पंख्यावरचा छोटा निळा दिवा दाखवला.

दरम्यान दुपारी आबांनी पंख्याचा रिमोट टीव्हीवर चालवून पाहिला, आणि टीव्हीचा पंख्यावर. दोन्ही चालले नाहीत. प्रियदर्शिनीने आजोबांना समजावलं आणि मग मला म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांच्याजवळ बसत का नाही जरा?" मी म्हटलं, बसून काय करू, उन्हाळा वाढतोय, आधी पंख्याचा निकाल लागू दे.

६ एप्रिल, रविवार

दुय्यम काम हाती घेतलं. घणसोली गावात, तळ्याच्या वाटेवर हिरामण पाटलांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वर त्यांच्याच खोल्या भाड्याने, खाली दुकान, आणि दुकानात ते स्वतः बनियनवर बसलेले.

"काय पायजे दादा? हवा खावाचा का लोकांना दाखवाचा?"

"देवळाला द्यायचाय. आईच्या नावाने."

हिरामणशेठनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मंग साधा घ्या, तपकिरी. देवलान रिमोट कोन धरल? नाव टाकाचा ना? रेडियमची अक्षरा लावून देतो, वीस वरसा निघाची नाय. पन मजकूर वाट्सापला पाठवा. तोंडी नको. मागं एकानं तोंडी सांगला, त्यान चूक झाली, त्या घरचे दोन भाव अजून एकमेकांशी बोलत नाय."

मी म्हटलं, निश्चिंत असा, माझं आयुष्य कागदपत्रांत गेलंय.

घरी येऊन मजकूर पाठवला. तीन पाती, तीन ओळी, लेटरहेडसारखं देणाऱ्याचं नाव वर:

श्री. हौसेराव रामराव फडतरे यांजकडून
सौ. बाळाबाई हौसेराव फडतरे
यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट

पाठवल्यावर लक्षात आलं की आईच्या नावाला 'कै.' लावायचं राहिलं. घाईत राहिलं असणार. घाई तशी नव्हती म्हणा, रविवार होता. लगेच दुसरा मेसेज टाकला, "पहिल्या नावाच्या आधी कै. लावा." पहिलं म्हणजे जिच्यासाठी पंखा आहे तिचं, हे सांगायला नकोच. हिरामणशेठनी अंगठा पाठवला.

१० एप्रिल, गुरुवार

आज महावीर जयंतीची सुट्टी. हे सगळं नीट लिहायला हवं.

सकाळी रूपेशने देवळाच्या पंख्याचा खोका आणून दिला. माल आला की तपासून घ्यायचा, हा माझा नियम. पाती सोफ्यावर ओळीने मांडली. पिवळी रेडियम अक्षरं, मोठी, ठसठशीत, एकही वाकडं नाही. पहिलं पातं वाचलं:

कै. हौसेराव रामराव फडतरे यांजकडून

दुसरं वाचलं:

सौ. बाळाबाई हौसेराव फडतरे

मी तिसरं वाचलंच नाही. पहिलं नाव! पहिल्या ओळीत आबांचं नाव होतं, त्यांनी बरोब्बर सांगितल्यासारखं केलं. 'श्री.' काढला आणि 'कै.' लावला. म्हणजे हयात नसलेल्या नवऱ्याने हयात बायकोच्या स्मरणार्थ देवळाला पंखा दिला. मी पर्चेसमध्ये इतकी वर्षं काढली, सप्लायर लोकांना एका स्वल्पविरामासाठी माल परत पाठवला, आणि बापाला माझ्याच एका ओळीने वर पाठवून दिलं.

उत्कर्षा चहा घेऊन आली, तिने वाचलं आणि तिच्या हातातल्या कपातून चहा बशीत सांडला. "अहो, हे काय! जिवंत माणसाला... झाका, झाका आधी!" मी सोफ्यावरची चादर पात्यांवर ओढली. तेवढ्यात आबा बाहेर आले.

"आलं का तुज्या आईचं?"

"नाही, म्हणजे आलंय, पण जरा परत द्यायचंय. रंग चुकलाय."

आबांनी चादर बाजूला केली. आबांचं वाचन मार्केटातल्या पोत्यांवरच्या छापांवर झालेलं, अक्षराला अक्षर जोडत चालतं. बोट ठेवून वाचायला लागले. "कै... हौसेराव... रामराव..." थांबले. परत 'कै'वर आले. उत्कर्षा देवाचं नाव घेत होती, मला ऐकू येत होतं. मग दुसऱ्या पात्यावर बोट गेलं. "सौ... बाळाबाई..." त्यांनी त्या 'सौ'वरून दोनदा बोट फिरवलं.

त्यांच्या घशातून आवाज आला. मला वाटलं, झालं, अ‍ॅटॅक. मी पाणी-पाणी म्हणून ओरडलो. पण आबा हसत होते.

"आरं, मी ग्येलो की रं! आनि ती हाय!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "ब्येस केलंस लेका. आसंच व्हाया पायजे हुतं."

जानेवारीनंतर आबा पहिल्यांदा हसले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसू थांबल्यावरही ते बराच वेळ येत होतं. वयामुळे होतं असं.

मी म्हटलं, दुपारी दुकानात जाऊन बदलून आणतो. तर म्हणाले, "बदलू नगं. देवाला दुसरा दे. ह्यो माज्या खोलीत लाव."

उत्कर्षा मधे पडली. ती कधी सासऱ्यांना उलट बोलत नाही, पण आज बोलली. "आबा, असलं घरात लावू नये. तुमच्या नावापुढे काय लिहिलंय बघा ना. मला बघवायचं नाही ते."

"आगं पोरी, लिवल्यानं मानूस मरत आसंल, तर लिवल्यानं जगत बी आसंल."

उत्कर्षा पदर नाकाला लावून आत गेली. चहा सांडल्याचं वाईट वाटलं असेल.

संध्याकाळी रूपेशने पांढरा पंखा उतरवला आणि तपकिरी बसवला. त्याने पाती जोडताना नावं वाचली, खाली कॉटवर बसलेल्या आबांकडे पाहिलं, परत वर पाहिलं. "बाबा, तुमीच का हौसेराव?" आबा म्हणाले, "हुतो." रूपेश स्टुलावरून पडता पडता वाचला.

माझा रिमोटचा पंखा आता हॉलमध्ये आहे. प्रियदर्शिनीच्या डोक्यावर आवाज न करता फिरतो. ती म्हणाली, भारी आहे बाबा. मला कोणीतरी भारी म्हणावं म्हणून एवढा खटाटोप करावा लागला.

१२ एप्रिल

देवळासाठी दुसरा मजकूर पाठवला. ह्या वेळी सगळं नीट, आईचं नाव वर, 'कै. सौ.' पहिल्याच फटक्यात लिहायचं ठरवलं होतं. वेळ लागला. 'कै' टाइप केलं की खोडलं जायचं. मोबाइलचा कीबोर्ड अडकतो हल्ली, बदलून घेतला पाहिजे. शेवटी प्रियदर्शिनीने करून दिलं.

१५ एप्रिल

एक प्रश्न सुटला की दुसरा उभा. आबा पंखा लावतच नाहीत.

बाहेर डांबर वितळायची वेळ, आणि आबा बनियनवर, घामाने भिजलेले, कॉटवर उताणे. पंखा बंद. मी बटण दाबलं की ते हात वर करतात. "वाईच थांब. मग लावतो." कशासाठी थांब, ते सांगत नाहीत.

आधी वाटलं विजेचं बिल. मी कधी त्यांच्यासमोर बिलावरून बोललो असेन का? आठवून आठवून थकलो. मग वाटलं रेग्युलेटर. रूपेशला बोलावलं. त्याने एक ते पाच सगळं फिरवून पाहिलं. "दादा, पंखा टकाटक हाय. आवाज पन हाय, बाबांना आवाज पायजे व्हता ना? तुमी बाबांना इचारा ना."

सगळे मला हेच सांगतात. मी विचारलंच आहे की. 'आबा, वारं लागतंय का?' असं दिवसातून दोनदा विचारतो.

बाकी तब्येत मात्र सुधारली. दोन भाकरी खातात. उत्कर्षाच्या आमटीत मीठ कमी आहे म्हणाले, आणि उत्कर्षाचा चेहरा उजळला. मीठ कमी म्हटल्यावर खुश होणारी सून मी पहिल्यांदा पाहिली. दुपारी खोलीतून त्यांचा बोलण्याचा आवाजही येतो. सिताराम काकांशी फोनवर बोलत असतील. फोन हॉलमध्ये चार्जिंगला असतो तेव्हाही येतो, पण म्हाताऱ्या माणसांना पुटपुटायची सवय असते.

२० एप्रिल, रविवार

उद्या यात्रेसाठी गावी निघायचं. मी आणि आबा. प्रियदर्शिनीची सीईटी आहे म्हणून ती आणि उत्कर्षा इथेच.

आबांनी पिशवी भरली. दोन धोतरं, तीन सदरे, औषधं, काठी, दाढीचं सामान. म्हणजे सगळंच. मी दारात उभा राहून बघत होतो. त्यांनी पंख्याचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

खरं लिहितो. मला ते इथे हवे आहेत. पंख्याने माणूस थांबत नाही हे मला कळतं, एवढाही मठ्ठ नाही मी. पण 'आबा, जाऊ नका, राहा' एवढं म्हणायला तोंड उघडत नाही. त्या घरात ते परत भिंतीला टेकून बसतील आणि ह्या वेळी सिताराम काकांचा फोन यायला उशीर झाला तर? म्हणून मग मी म्हटलं, "आबा, तिकडच्या घरात पंखा बरा आहे का?" ते म्हणाले, "बरा हाय."

२३ एप्रिल, गावी

यात्रा झाली. पंखा सभामंडपात लागला. 'कै. सौ. बाळाबाई हौसेराव फडतरे यांच्या स्मरणार्थ', मजकूर अचूक, अक्षरं सरळ. पुजाऱ्याने बटण दाबलं, लोकांनी मान डोलावली. आबांनी एकदाच वर बघितलं आणि चप्पल घालून बाहेर गेले. मला वाटलं होतं खुश होतील.

घर सिताराम काकांनी झाडून ठेवलं होतं. तरी आईच्या हंड्यावर धूळ होती. मी हंडा पुसला. कशाला पुसला माहीत नाही.

आज सकाळी मी एकटाच परत निघणार होतो. काय काय सांगायचं ते मनात घोळवत अंघोळ करून आलो, तर आबा पिशवी घेऊन ओट्यावर बसलेले. तीच पिशवी, तशीच भरलेली, बंदसुद्धा सोडलेले नव्हते.

"चल," म्हणाले.

"कुठे?"

"घनसोलीला. बिगी बिगी चल. ती एकलीच हाय तिकडं."

मला इतका आनंद झाला की मी गाडीची किल्ली दोनदा पाडली. नातीची केवढी काळजी! म्हटलं, "आबा, एकटी कुठे? उत्कर्षा आहे ना प्रियदर्शिनीजवळ."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडीत जाऊन बसले.

२४ एप्रिल

काल वरचं लिहिलं ते गाडी काढण्याआधी, ओट्यावर बसून. पुढचं आज लिहितो.

पोहोचलो तेव्हा भर दुपार होती. आबांनी पायही धुतले नाहीत. प्रियदर्शिनी दार उघडून "आजोबा!" म्हणाली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सरळ खोलीत गेले. पिशवी मीच उचलून मागोमाग गेलो. आबा कॉटवर उताणे पडले होते. पंखा बंद. खोली भट्टीसारखी तापलेली. मी बटणाकडे हात नेला.

"वाईच थांब."

माझं डोकं फिरलं. प्रवासाने अंग आंबलेलं, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. म्हटलं, काय थांब, कशाला थांब, एकदा सांगा तरी! आणि पिशवी टाकून मी त्यांच्या शेजारी कॉटवर आडवा झालो, कारण उभं राहायची ताकद नव्हती. आडवा झालो म्हणून वर नजर गेली.

सौ. बाळाबाई हौसेराव फडतरे.

ते पातं बरोबर उशीवर येतं. पंखा बंद असला की नाव वाचता येतं. लावला की जातं. एवढंच होतं. मी रूपेशला बोलावून रेग्युलेटर तपासला, विजेच्या बिलाची लाज वाटून घेतली, आणि ह्या खोलीत एकदाही आडवं होऊन वर बघितलं नाही. गावाहून निघताना 'ती एकलीच हाय' म्हणाले ते कोणाबद्दल, हेही तेव्हाच कळलं. उत्कर्षाला हे सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. प्रियदर्शिनीला माहीत होतं. मला वाटतं रूपेशलाही माहीत होतं.

आम्ही दोघे बराच वेळ तसेच पडून होतो. माझ्या कपाळावरून घाम कानात जात होता. आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि उठले. बटणावर हात ठेवून त्यांनी वर बघितलं. मी शेजारी आहे हे विसरल्यासारखं हळू आवाजात म्हणाले,

"अगं, लावतो वाईच. पोरगं घामाघूम झालंय."

पाती हलली. आधी अक्षरं एकेक करून सुटी दिसली, मग पिवळी रेघ झाली, मग तीही गेली. आई गेल्यापासून मी रडलो नव्हतो. आधी दिवसकार्याची कामं होती, मग आबांना आणायचं होतं, मग पंखा होता. काल रडलो. पन्नाशीला आलेला माणूस, बुटांसकट कॉटवर पडून, उत्कर्षाला बाहेर ऐकू जाईल इतका.

आबा परत येऊन शेजारी बसले. माझ्या छातीवर त्यांनी हात ठेवला, पोती उचलून उचलून खरखरीत झालेला.

"रड लेका," म्हणाले. "मी हाय हितं."